पाठमोरी वाटणी

सुज्ञ वाचकांस सविनय नमस्कार. प्रस्तुत कथेत मी चार मित्रांची, एका नदीची आणि त्या नदीत धरलेल्या मासळीच्या वाटणीची हकीकत यथामती निवेदन करणार आहे. यात युद्ध नाही, प्रणय नाही आणि गुप्त खजिनाही नाही. एका माणसाची हरवलेली नावे कोठे व कशी सापडली, एवढाच या कथेचा विषय आहे. मला तो फार मोठा वाटला, म्हणून हाती लेखणी धरण्याचे धाडस केले.

माझे शिक्षण आठवीत थांबले. पुढे मी एका छापखान्यात पुस्तके शिवण्याच्या कामास लागलो आणि छापून आलेले कागद घडी घालता घालता वाचू लागलो. त्यामुळे कित्येक पुस्तकांचा मधलाच भाग माझ्या वाचनात आला. आरंभ आणि अंत दुसऱ्याच कारागिराच्या हाताखालून गेले. तेव्हा माझ्या कथेचेही आरंभ व अंत कच्चे राहिल्यास वाचकांनी उदार मनाने सांभाळून घ्यावे.

धोंडू, सीताराम, अंबादास आणि मी, असे आम्ही चौघे घाटकोपरच्या पूर्वेस महापालिकेच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलो. धोंडूचे व माझे वडील कोकणातून येऊन कापडाच्या गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडल्यावर धोंडूच्या वडिलांनी पिठाची चक्की टाकली आणि आज साठी उलटल्यावरही धोंडू तीच चालवतो. त्याच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असतात. सीताराम बसचालक होऊन निवृत्त झाला. अंबादासचे आईवडील दुष्काळात जालन्याकडून आले होते. तो वायरमन झाला. आमच्या भागातील निम्म्या घरांतील दिवे त्याच्या हाताने लागले आहेत, परंतु लोक त्याला ओळखत ते त्याच्या आवाजासाठी. चौदा एप्रिलच्या जयंतीला माइक नेहमी अंबादासकडे असे. बक्षीस मिळवणाऱ्या मुलांची, स्वयंपाक करणाऱ्या बायकांची, मंडप बांधणाऱ्यांची नावे तो हातात कागद न धरता घेई, आणि ज्याचे नाव घेतले तो माणूस वीतभर उंच होऊन घरी जाई.

आमच्या बालपणी वस्तीच्या मागून एक ओढा वाहत असे. अंबादासच्या आईच्या फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा दोन टोकांना धरून आम्ही त्यात बोटाएवढे मासे पकडत असू. पुढे ओढ्याचा नाला झाला आणि नाल्यावर लाद्या पडल्या. मग आम्ही मुलुंडच्या डोंगरालगतच्या पाण्यावर जाऊ लागलो. तेथेही इमारती आल्या. अशा रीतीने नदी आमच्यापासून वर्षानुवर्षे दूर सरकत गेली आणि आम्ही हट्टाने तिच्या मागे जात राहिलो. अखेरीस आम्ही खडवलीच्या पुढे, भातसा नदीच्या एका वळणावर स्थिरावलो. होळी सरते, पाणी उतरते, तळाचे गोटे दिसू लागतात आणि काठचा करंज फुलून त्याची फुले पाण्यावर सांडू लागतात, अशा चैत्रातील पहिल्या रविवारी तेथे जावयाचे, हा आमचा नेम होता. लग्ने झाली, मुले झाली, धोंडूची बायपास झाली, तरी नेम मोडला नव्हता.

आता वाटणीची रीत सांगणे अगत्याचे आहे, कारण साऱ्या कथेचा खांब तोच आहे. कोणी किती मासे धरले हे आमच्यात मोजले जात नाही. सर्व मासळी एकत्र करून पळसाच्या पानांवर तिचे वाटे मांडतात. मग एकाने वाट्यांकडे पाठ करून बसावयाचे. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने न वळता एक नाव घ्यावयाचे. ज्याचे नाव निघाले त्याचा तो वाटा. पाठीला डोळे नसतात, म्हणून तिच्याकडून पक्षपात होत नाही, आणि एकदा उच्चारलेले नाव माघारी घेता येत नाही. ही रीत धोंडूने त्याच्या गावाहून आणली असे तो म्हणे. आमच्याकडेही अशीच होती असे अंबादास म्हणे. हा वाद कधीच मिटला नाही. पाठमोरा मात्र नेहमी अंबादासच असे. एका वर्षी सीताराम दिवसभर झाडाखाली घोरत पडला होता आणि नेमका सर्वांत मोठा मासा त्याच्या नावावर निघाला. ती गोष्ट तो अजून सांगतो, आणि प्रत्येक वेळी मासा थोडा वाढतो.

गेल्या दिवाळीनंतर अंबादासच्या मेंदूला झटका आला. दवाखान्यातून तो चालत घरी आला. हातपाय वाचले, हळूहळू वाचाही परतली; केवळ नावे परतली नाहीत. "पाणी दे," "पंखा लाव," हे तो नीट म्हणे. परंतु समोर माणूस उभे राहिले की त्याच्या मुद्रेवर विलक्षण ताण दिसे, ओठ थरथरत आणि भलतेच नाव बाहेर पडे. धोंडूला त्याने "सीताराम" म्हटले, मला "राजेश" म्हटले; राजेश म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. आपले चुकले हे त्याला त्याच क्षणी कळे, हाच या व्याधीचा क्रूर भाग होता. हळूहळू त्याने भेटणेच सोडले. आम्ही गेलो की आतल्या खोलीत पांघरूण हलताना दिसे आणि निरोप येई की झोपले आहेत.

फाल्गुनाच्या अखेरीस एके सकाळी त्याची पत्नी शकुवहिनी माझ्या घरी आली. पदराने घाम पुसून ती उभ्या उभ्याच बोलू लागली.

"भाऊजी, यंदा नदीवर जाणार ना तुम्ही?"

"अंबादासवाचून कसे जाणार, वहिनी?"

"त्यांना न्या. उचलून न्या, पण न्या. जयंतीवाली पोरं माइकचं विचारायला आली, तर हे मोरीत जाऊन बसले. नळ सोडून बसले, म्हणजे हाक ऐकू यायला नको." ती थोडी थांबली. "एकदा का हा माणूस असा आत बसला ना, की मग बाहेर येत नाही. माझ्या वडिलांचं बघितलंय मी."

मी सांत्वनाचे काही शब्द जुळवीत होतो, तोच ती खाली पाहून म्हणाली, "मला हे मालन म्हणतात. मालन म्हणजे माझी नणंद, जालन्याला असते. तिनंच वाढवलंय त्यांना, तर येत असेल तोंडात. मी ओ देते. पण कधी कधी वाटतं, सगळ्यांची नावं फिरून फिरून कुणाला तरी लागतात. माझं तेवढं कुणालाच लागत नाही. चुकून दुसरीलासुद्धा शकु म्हणत नाहीत."

मी केवळ चहा ठेवतो म्हणालो, आणि ती न घेताच गेली.

रविवारी भल्या सकाळी आम्ही धोंडूच्या मुलाची, निलेशची, गाडी घेऊन अंबादासच्या इमारतीखाली उभे राहिलो. सीतारामने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. खिडक्यांतून लोक ओरडू लागले.

"ए, पोरं झोपलीत! अक्कल आहे का?"

"अंबादासला खाली पाठवा, मग थांबतो!" सीताराम म्हणाला.

अखेर शेजाऱ्यांच्या लाजेने अंबादास खाली आला. हातात गळाच्या काठ्या होत्या. त्या शकुवहिनीने दिल्या असाव्यात. तो मागच्या आसनावर माझ्या शेजारी बसला आणि खडवलीपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. धोंडूने वाटेत आपल्या चक्कीच्या, सुनेच्या आणि गुडघ्याच्या कथा सांगितल्या. एकदाच अंबादासने तोंड उघडले. पाण्याची बाटली मागण्यासाठी तो पुढे वाकला आणि धोंडूच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "सीताराम…" मग त्याने डोळे मिटून घेतले आणि बाटली न घेताच मागे टेकला.

"अरे यार, सीताराम तर सीताराम," खरा सीताराम गाडी चालवीत म्हणाला. "माझं नाव त्याला दिलंस, पेन्शन नको देऊस."

अंबादास हसला नाही.

नदी मात्र आम्हाला विसरली नव्हती. पाणी गुडघाभर, स्वच्छ आणि कोमट होते. करंजाची फिकट जांभळी फुले प्रवाहावरून तरंगत येत आणि आमच्या खडकापाशी भोवऱ्यात गोल फिरत राहत. धोंडूने चक्कीवरून आणलेली कणीक हळद घालून मळली. अंबादास आमच्यापासून बराच दूर, वरच्या अंगास जाऊन एकटा बसला. त्याच्या गळाला जुन्या रबरी चपलेच्या तुकड्याचा तरंग होता. त्याच्या बोटांनी कणकेची गोळी केली, गळ झाकला, दोरी फेकली, आणि तो निळा तुकडा पाण्यावर उभा राहिला. त्या बोटांना सारे स्मरत होते. तरंग बुडाला की तो किंचित थांबे, मनगट उचले, आणि रुपेरी मासा उन्हात चमकून काठावर येई. आम्हा तिघांना मिळून जेवढे मिळाले नसेल तेवढे त्या एकट्याला मिळाले.

"बघ मरे, माश्याक नावाचा काय पडला नाय," धोंडू माझ्या कानाशी पुटपुटला. "तो गळाक येतासा."

"हळू बोल," मी म्हटले.

"हळूच बोलतंय. चक्कीत ऱ्हवान कान गेले, आवाज नाय गेलो."

तिसऱ्या प्रहरी आम्ही मासळी एकत्र केली. चिलापी पुष्कळ, थोडे बारीक मळे मासे आणि अंबादासने धरलेली एक मरळ, हाताएवढी. सीतारामने आधीच मला डोळ्याने खुणावले होते की या खेपेस पाठमोरा तो स्वतः बसेल, म्हणजे अंबादासवर प्रसंग येणार नाही. तसे ठरलेही होते. परंतु धोंडू पळसाच्या पानांवर वाटे मांडण्यात गढून गेला, हात धुतले, कंबर सरळ केली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मोठ्याने म्हणाला, "चल रे अंबादास, पाठ कर!"

धोंडूच्या तोंडाचा आ तसाच राहिला. अंबादास आपल्या काठ्या बांधीत होता. त्याचे हात थांबले.

"चेष्टा करतोस?" तो म्हणाला.

"नाय रे, सवयीन…"

"माणूस समोर असताना येत नाही मला. आणि तू पाठ करायला सांगतोस. जयंतीला पण असंच सांगा. हसतील सगळे." त्याने काठ्या उचलल्या आणि तो गाडीकडे चालू लागला.

मी हाक मारणार, तोच धोंडू तिरमिरीने त्याच्या मागे धावला. ज्या माणसाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे त्याने असे धावू नये. त्याने अंबादासचा हात धरला, आणि भीतीने म्हणा, रागाने म्हणा, ओरडला.

"अरे मेल्या, चुकतलंस तर चूक! हयसर चुकतला कसा? तू जेचा नाव घेशीत, वाटो तेचोच! आजपर्यंत तुझा एक तरी नाव चुकला? सीताराम झोपललो, तेका मोठो मासो दिलंस, तेव्हा कोण म्हणालो चुकलंस म्हणान?"

"मी म्हणालो होतो," मी म्हटले, कारण ते सत्य होते.

"तू गप रव!"

अंबादास उभा राहिला. आम्ही इतके दिवस त्याला धीर देत होतो, औषधांची, व्यायामाची भाषा बोलत होतो, परंतु ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही बुद्धीस सुचली नव्हती. जगात सर्वत्र नाव चुकू शकते. पाठमोऱ्या वाटणीत ते चुकू शकतच नाही. तेथे जे मुखातून निघेल तेच बरोबर.

तो परत आला. वाट्यांकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून, खडकावर बसला. त्याची मान ताठ होती.

धोंडूने पहिल्या वाट्यावर हात ठेवला. "हो कोणाचो?"

अंबादासची मान किंचित वळू लागली.

"मागं बघायचं नाही हां, अंबू," सीताराम म्हणाला. "रूल म्हणजे रूल."

मान पुन्हा नदीकडे गेली. "सीताराम," तो म्हणाला.

"बोंबला! अरे, ह्यात चार पिल्लंच आहेत! मोठी मरळ तिकडं आणि मला बालवाडी?"

धोंडू खदखदून हसला. अंबादासचे खांदे खाली आले.

"आणि हो?"

"भाऊराव."

माझे नाव. मी पान उचलले, आणि वाचकांनी क्षमा करावी, मला त्यातील मासे नीट दिसले नाहीत.

"हो?"

"धोंडू."

चौथा वाटा मरळीचा होता. आता नाव उरले होते ते पाठमोऱ्याचे स्वतःचे. असे झाले की आम्ही विचारीत नसू, पान सरळ त्याच्या हाती देत असू. परंतु धोंडूला थांबवेना. त्याने चौथ्या पानावर हात ठेवला. "आणि हो?"

करंजाची फुले गोल फिरत होती. अंबादास त्यांच्याकडे पाहत होता आणि उत्तर त्याने शोधले नाही, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. त्याच्या मुद्रेवर तो ताण नव्हता.

"शकु," तो म्हणाला.

शकुवहिनी माझ्या घरी येऊन काय बोलली हे त्या दोघांना मी सांगितले नव्हते, तरी धोंडूने पानावरचा हात हळूच उचलला. अंबादासला स्वतःला उमगण्यास अंमळ वेळ लागला. मग त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि नदीला ऐकवावे तसे पुन्हा म्हणाला, "शकुचा."

परतीच्या वाटेवर त्याने ते पान मांडीवर धरले होते. पिशवीत ठेव म्हटले तर ठेवीना.

आम्ही चौघे जिना चढून गेलो. सीताराम म्हणाला की हे बघितल्याशिवाय मी गाडी परत देणार नाही. शकुवहिनीने दार उघडले, पदर खोचलेला, हात पिठाचे. अंबादास तिच्यासमोर उभा राहिला. त्याने पान पुढे केले, ओठ हलले, मुद्रेवर तो ओळखीचा ताण आला, आणि तो म्हणाला, "मालन…"

मला जिन्यावरून खाली पडावेसे वाटले. अंबादासने पान चौकटीपाशी खाली ठेवले.

"वहिनी, खरं सांगतो," सीताराम घाईने म्हणाला, "नदीवर बोलला तो. नाव घेऊन दिला हा वाटा. तुझं नाव!"

"मला बरं वाटावं म्हणून सांगता."

"आईशप्पथ!" धोंडू म्हणाला.

"तुमच्या शपथा मला माहीत आहेत, धोंडूभाऊजी. मटण सोडल्याची पण घेतली होती."

"वहिनी," मी म्हणालो, "पाठमोरा बसून म्हणाला. दोनदा."

तिने माझ्याकडे पाहिले. मी खोटे बोलण्यात कच्चा आहे हे तिला ठाऊक आहे. तिने ते पान उचलले, स्वयंपाकघरात नेले आणि मरळीचे विळीवर तुकडे केले. आम्ही दारातच उभे होतो. एका परातीत तिने तीन वाटे मांडले. मग अंबादासला दंडाला धरून आणले आणि पाटावर बसवले, भिंतीकडे तोंड करून.

"पाठ करा," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "हा कोणाचा?"

"धोंडू."

"घ्या! भाऊजी, तुमचं एका वाट्यानं भागलं नाही वाटतं?"

"माका चलतला," धोंडू दारातून म्हणाला.

"हा?"

"रश्मी." रश्मी त्यांची लेक, मुलुंडला दिलेली.

"म्हणजे आता तिला फोन करून बोलवायला हवं." तिने तिसऱ्या वाट्यावर हात ठेवला, आणि तो हात तिला तेथेच ठेवून द्यावासा वाटला असावा, कारण प्रश्न लवकर आला नाही. "आणि हा?"

भिंतीवर दिनदर्शिका लटकत होती. अंबादास तिच्याकडे पाहत होता.

"शकुचा," तो म्हणाला. मग त्याचा जुना, माइकवरचा, भरदार आवाज आला: "डोकं त्यातच टाक. शकुला डोकं आवडतं."

मरळीचे डोके विळीजवळ पडले होते, ते शकुवहिनीने उचलून तिसऱ्या वाट्यात ठेवले. मग ती मान खाली घालून उरलेले खवले काढू लागली आणि आम्हाला म्हणाली, "उभे काय राहिलात दारात? बसा. जेवूनच जायचं."

जयंतीला अंबादासने माइक हाती धरला नाही. धरला असे खोटे लिहिणे मला शोभणार नाही. परंतु तो मंडपात पुढच्या रांगेत बसला होता, मोरीत नव्हे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भलत्याच नावाने निःसंकोच हाका मारीत होता. घरी, असे ऐकतो, शकुवहिनी चपात्या लाटताना त्याला पाटावर आपल्याकडे पाठ करून बसवते आणि मुद्दाम काहीबाही विचारते. मला तो समोरासमोर अद्याप कधी राजेश म्हणतो, कधी सीताराम. मी ओ देतो.

येथवर आपण धीराने वाचत आलात, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. कथेत जे गोड वाटले असेल ते माझ्या मित्रांचे, आणि जे अवजड वाटले असेल ते माझ्या लेखणीचे, असे समजून घ्यावे. सर्व वाचकांचे आभार.

आपला नम्र,
भाऊराव लक्ष्मण तिरलोटकर
घाटकोपर (पूर्व)